पावतीवरची मोडकी कुऱ्हाड

पावतीवाली: काल या फोरमवर एका गृहस्थांनी अक्कल शिकवली: "पावती काढणाऱ्या प्लगइनमध्ये (वेबसाइटला जोडायच्या तयार सोयीत) मराठी नीट दिसत नसेल तर पावती इंग्रजीत काढा. गिऱ्हाइकाला आकडा कळला म्हणजे झालं." डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय. आमचं शेतीच्या अवजारांचं दुकान. वेबसाइटवर सगळं झकास, पण पीडीएफ पावती काढली की ‘विळा’ची वेलांटी व ला सोडून ळ च्या डोक्यावर बसते. ‘कुऱ्हाड’मध्ये तर ऱ चा पाय मोडतो आणि ह वेगळा पडतो. प्लगइनवाल्यांना विचारलं तर म्हणे डेटाबेस, म्हणजे वेबसाइटचा मजकूर साठवायचं कोठार, तपासा!

खडूस_कोडर: ते गृहस्थ मीच, प्लगइनवालाही मीच. आणि डेटाबेस तपासा म्हटलं तर एवढं काय चिडायचं? मायएसक्यूएल या डेटाबेसची अक्षरं साठवायची जुनी पद्धत, यूटीएफ8, एका अक्षराला तीनच बाइट देते. चार बाइटची यूटीएफ8एमबी4 करा.

पावतीवाली: देवनागरी अक्षराला तीनच बाइट लागतात हो! चौथा इमोजीला. मी कुऱ्हाड विकते, कुऱ्हाडीचं इमोजी नाही.

अर्धा_र: डेटाबेसचा घोळ असता तर प्रश्नचिन्हं आली असती. फक्त रोमन अक्षरांसाठीच्या लॅटिन1 पद्धतीच्या रकान्यात एकदा ती साठली की मूळ मजकूर गेलाच समजा. इथे अक्षरं शाबूत आहेत, जुळणी होत नाहीये. फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम ब्राउझर पाळतो, प्लगइनच्या आतली पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोड) पाळत नाही. ती लायब्ररी एमपीडीएफ असेल तर फॉन्टच्या नोंदीत ‘युजओटीएल’ हा ते नियम पाळायला लावणारा पर्याय चालू करून बघा.

लेखनिक_काका: फॉन्टचं निघालंच आहे म्हणून सांगतो, तो हिंदी वळणाचा दांडीचा ल आधी हाकला!

खडूस_कोडर: काका, ल मुळे कोणाचं काय अडलंय?

लेखनिक_काका: माझ्या नातीचं अडलं! मी छापून दिलेला ल बघून तिने गिरवला, बाईंनी वहीभर फुल्या मारल्या. 2022 च्या शासन निर्णयात पाकळीचा ल सांगितलाय. तुम्हा लोकांना हिंदी फॉन्ट चिकटवून मोकळं व्हायचं असतं.

अर्धा_र: काका, नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये दोन्ही ल आहेत. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली की पाकळीचा येतो.

लेखनिक_काका: मग नोंदवत का नाही कोणी?

घाटावरचा: ल वरच रात्र काढणार का? माझंही ऐका. वेबसाइट चालवायच्या वर्डप्रेसमध्ये लेखाच्या दुव्याला 200 अक्षरांची जागा. देवनागरीचं एक अक्षर तिथे टक्केचिन्हांच्या कोडमध्ये लिहिलं जातं आणि नऊ जागा खातं, म्हणजे बावीस अक्षरांत शीर्षकाचं मुंडकं उडतं. काना-मात्राही त्यातच धरा. यावर कोणी बोलत नाही.

खडूस_कोडर: फुकट प्लगइन वापरायचं आणि वर गळा काढायचा. रात्री दोनला तुमचे ‘अर्जंट’ निरोप मी वाचलेत, तुम्ही नाही.

पावतीवाली: फुकट कोणाचं? वर्षाचे पैसे मोजते मी! असो. ‘युजओटीएल’ केलं. विळा सरळ, कुऱ्हाडही जुळली. खालची पावती बघा.

खडूस_कोडर: बरं बाई, डेटाबेस नव्हता. जिंकलात. पेढे वाटा.

लेखनिक_काका: पावती बघितली. तिसऱ्या ओळीत ‘नांगराचा फाल’. ल दांडीचा.