ध्रुवीय अस्वल हिवाळाभर जागं का असतं?

हिमरेषा:
थंडीत खायला उरत नाही म्हणून तपकिरी अस्वल बिळात जाऊन झोपतं, हे समजलं. मग त्याच्याही उत्तरेला राहणारं ध्रुवीय अस्वल उणे ३० अंशांत उघड्यावर कसं हिंडतं? बीळ फक्त मादी खणते म्हणतात. ती तरी झोपते का? कॅनडातल्या हडसन उपसागराबद्दल सांगितलंत तर बरं.

पाणथळ:
कारण तुमच्या प्रश्नातच आहे. झोप थंडीमुळे नव्हे, उपाशीपणामुळे येते. तपकिरी अस्वलाची मुळं, बोरंबेऱ्या, मासे बर्फ पडला की बंद होतात. ध्रुवीय अस्वलाची शिकार मात्र समुद्र गोठल्यावर सुरू होते. रिंग्ड सील हा लहान समुद्री सस्तन प्राणी श्वासासाठी बर्फात भोकं राखतो आणि अस्वल त्यातल्या एकाशी तासन् तास निश्चल दबा धरून बसतं. मोकळ्या पाण्यात सील त्याच्या हाती क्वचितच लागतो.
खरी सुगी एप्रिल-मे. सीलची पिल्लं तेव्हा बर्फाच्या थराखालच्या पोकळीत असतात. अस्वल वासावरून जागा हेरतं आणि पुढच्या पायांनी छत फोडतं. दूध सुटायच्या सुमारास पिल्लाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग चरबी असतो. पोट भरलेलं अस्वल चरबीच खातं, मांस बऱ्याचदा कोल्ह्यांना राहतं. ते योग्यच, कारण मांस पचवून उरलेला युरिया हा टाकाऊ पदार्थ बाहेर टाकायला पाणी लागतं. चरबी जळताना उलट पाणी मिळतं.

उत्तरवारा:
याची दुसरी बाजू म्हणजे उन्हाळा. हडसनच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण जुलै ते नोव्हेंबर बर्फ नसतो. तिथल्या चर्चिल गावाच्या आसपासची अस्वलं तेव्हा जमिनीवर उपाशी असतात आणि दिवसाला सुमारे १ किलो घटतात. ती 'चालता चालता शीतनिद्रा' घेतात हा समज सोडून द्या. अलास्काच्या उत्तरेकडल्या ब्यूफोर्ट समुद्रातल्या अस्वलांच्या मोजमापांतून २०१५ साली दिसलं की त्यांचं शरीर कोणत्याही उपाशी सस्तन प्राण्याइतकंच मंदावतं. म्हणूनच बर्फ दोन-तीन आठवडे लवकर फुटला की साठवण पुरत नाही. पश्चिम हडसनमधल्या हवाई मोजणीचा अंदाज २०१६ मध्ये ८४२ अस्वलांचा होता, २०२१ मध्ये ६१८. काही अस्वलं शेजारच्या भागात गेली असतील, पण मला हा आकडा काळजीचाच वाटतो.

कातळफूल:
मादीबद्दल. समागम वसंतात होतो, पण गर्भ शरदापर्यंत गर्भाशयात रुजत नाही. अंगावर चरबी कमी असेल तर पिल्लं होतच नाहीत. पश्चिम हडसनमध्ये शरदात तोललेल्यांपैकी पिल्लं झालेली सर्वांत हलकी मादी १८९ किलोंची होती.
नॉर्वेच्या स्वालबार्ड किंवा रशियाच्या रँगेल बेटावर बीळ बर्फाच्या ढिगात असतं. चर्चिलच्या दक्षिणेला, वापुस्क राष्ट्रीय उद्यानात, ती तळ्या-नद्यांच्या काठच्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या थरात खणते. छत स्प्रूस झाडांच्या मुळांनी धरलेलं असतं. वणव्यात ती मुळं जळली, खालची गोठलेली माती वितळली की बीळ ढासळतं.
पिल्लू जन्मतं तेव्हा सुमारे ६०० ग्रॅमचं, आंधळं. दुधात साधारण ३० टक्के चरबी असते, त्यावर ते बाहेर पडेपर्यंत १० किलोंच्या आसपास जातं. आईचं तापमान थोडंच उतरतं आणि ती चटकन जागी होते, त्यामुळे बिळाजवळ यंत्रं फिरवू नयेत. ती पिल्लांना वेळेआधी बाहेर काढू शकते. जमिनीवर उतरल्यापासून पुन्हा बर्फावर पोचेपर्यंत तिचा उपास सुमारे ८ महिन्यांचा.

हिमरेषा:
आणि वादळात नर कुठे जातो?

पाणथळ:
बर्फाच्या उंचवट्याआड खड्डा उकरून, वाऱ्याकडे पाठ करून पडून राहतो. बर्फ अंगावर साचू देतो, त्याचीही ऊबच होते. वादळ ओसरलं की उठून पुन्हा शिकारीला.