‘जगन्मिथ्या’मधला ‘मिथ्या’: खोटं, असत् की आणखी काही?

प्रश्न: ‘ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या जीवो ब्रह्मैव नापरः’ या ओळीचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘ब्रह्म खरं, जग खोटं’ असा दिलेला असतो. कोशातही मिथ्या म्हणजे खोटे, असत्य, व्यर्थ. वेदान्तात या शब्दाला वेगळा अर्थ आहे का? असत्, भ्रम, अनित्य हे त्याचे समानार्थी धरावेत का? मराठीत एका शब्दाचा पर्याय आहे का?

प्रतिसाद: आधी व्याकरण. संस्कृतात ‘मिथ्या’ हे अव्यय आहे, त्याला लिंग-वचन-विभक्ती नाही. भाववाचक नाम मिथ्यात्व. मिथस् (परस्पर) आणि मिथुन हे त्याचे भाऊबंद.

वेदान्ताबाहेरही त्याचा अर्थ नुसता ‘खोटं’ नाही. गीतेत ३.६ मध्ये ‘मिथ्याचार’ म्हणजे दांभिक, तर १८.५९ मध्ये ‘मिथ्यैष व्यवसायस्ते’ म्हणजे तुझा हा निश्चय फोल आहे. चरकसंहितेत रोगाची कारणं सांगताना अयोग, अतियोग आणि मिथ्यायोग अशी त्रयी येते. तिथे मिथ्यायोग म्हणजे चुकीच्या रीतीनं झालेला संयोग. तो खरोखर घडतो आणि त्यानं आजारही खरोखर होतो. जैनांचं ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणजे ‘मिथ्या मे दुष्कृतम्’, माझं दुष्कृत निष्फळ होवो. इथे ‘खोटं’ बसवून पाहा, क्षमायाचनेचं कानांवर हात ठेवणं होऊन जाईल.

प्रतिसाद: वेदान्तातला अर्थ पारिभाषिक आहे आणि तो कुणी गृहीत धरलेला नाही, स्पष्ट सांगितलेला आहे. शंकराचार्यांचे शिष्य पद्मपाद पंचपादिकेत म्हणतात: ‘मिथ्याशब्दो द्व्यर्थः, अपह्नववचनोऽनिर्वचनीयतावचनश्च’. म्हणजे या शब्दाचे दोन अर्थ: एक सरळ नकार, दुसरा ‘सत् किंवा असत् असं ठरवून सांगता न येणं’. ‘जगन्मिथ्या’मध्ये दुसरा घ्यायचा. सगळा घोटाळा पहिला घेतल्यानं होतो.

एखादी गोष्ट कुठे बसते हे दोन प्रश्नांनी ठरतं. ती अनुभवाला येते का? आणि ज्ञानानं तिचा बाध होतो का, म्हणजे ती मुळात नव्हतीच असं कळतं का? वंध्यापुत्र, सशाचं शिंग कधीच कुठे दिसत नाही. ते असत्, म्हणजे तुच्छ किंवा अलीक. ज्याचा तिन्ही काळांत बाध होत नाही ते सत्. दिसतं आणि ज्ञानानं बाधित होतं ते मिथ्या. दोरीवरचा साप दिसतो, माणूस दचकतो, घाम फुटतो. म्हणून त्याला वंध्यापुत्राच्या रांगेत बसवता येत नाही. दिवा आणला की ‘हा साप नव्हताच’ असं कळतं, म्हणून सत् म्हणता येत नाही.

‘बाध’ हा शब्द इथे नेमका हवा. काठीनं मडकं फुटलं तो नाश. मडकं होतं, आता नाही. बाधात ‘पूर्वीही नव्हतं’ असं कळतं, आणि ते फक्त अधिष्ठानाच्या, म्हणजे ज्यावर ते भासलं त्या मूळ वस्तूच्या, ज्ञानानं. सापाला काठीनं कितीही बडवा, बाध होणार नाही. दोरी कळायला हवी.

प्रतिसाद: मग मिथ्या म्हणजे अनित्य हेही चुकलंच. नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) मडकं अनित्य मानतात, पण पूर्ण सत्यही मानतात. ‘भ्रम’ही तंतोतंत नाही: भ्रम मुख्यतः ज्ञानाचं नाव, मिथ्यात्व विषयाचं. ‘माझं ज्ञान मिथ्या’ म्हणता येतं, पण ‘जगन्मिथ्या’त बोट जगाकडे आहे.

प्रश्न: पण ज्ञान झालं की दोरीवरचा साप दिसेनासा होतो. ज्ञान्याला जग दिसायचं थांबतं का?

प्रतिसाद: नाही, आणि इथेच सापाचा दृष्टान्त ताणला की तुटतो. भ्रम दोन प्रकारचे. निरुपाधिक भ्रमात अधिष्ठान कळताच आभास जातो: दोरी-साप, शिंपल्यावरची चांदी. सोपाधिक भ्रमात उपाधी (आभास घडवणारी जवळची वस्तू) जवळ असेपर्यंत आभास दिसतच राहतो. स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं तर स्फटिक रंगहीन आहे हे पक्कं ठाऊक असूनही तो लालच दिसतो; फक्त लाली त्याची नाही हे कळलेलं असतं. मृगजळही तसंच. ज्ञान्याच्या जगाला हा दृष्टान्त लावतात आणि त्या पुढच्या दिसण्याला बाधितानुवृत्ति म्हणतात. शिकवताना अध्यास (एकावर दुसऱ्याचा आरोप) कसा घडतो हे सांगायला दोरी आणि ज्ञानानंतरचं सांगायला स्फटिक वापरावा. उलट केलं की ‘ज्ञान्याला भूक कशी लागते?’ हा प्रश्न ठरलेलाच.

प्रतिसाद: एक कुंपण घालून ठेवतो. वरचं सगळं अद्वैताचं, म्हणजे शंकराचार्यांच्या वेदान्तशाखेचं आहे, ‘हिंदू तत्त्वज्ञानात जग मिथ्या आहे’ असं सरसकट लिहू नये. रामानुजांच्या मते जग सत्य आहे आणि ब्रह्माचं शरीर आहे. त्यांच्या श्रीभाष्यात अविद्येच्या (जगाचा आभास घडवणाऱ्या अज्ञानाच्या) कल्पनेवर सात अनुपपत्ती, म्हणजे ती का जुळत नाही याचे आक्षेप, लावल्या आहेत. मध्वांच्या मते ईश्वर, जीव आणि जड यांच्यातले पाचही भेद खरे. व्यासतीर्थांनी न्यायामृतात तर मर्मावरच बोट ठेवलं: हे मिथ्यात्व सत्य की मिथ्या? सत्य असेल तर ब्रह्माशेजारी दुसरं सत्य आलं. मिथ्या असेल तर जग सत्य ठरलं. मधुसूदन सरस्वतींनी अद्वैतसिद्धीत मिथ्यात्वाच्या पाच व्याख्या तपासून उत्तर दिलंय की दृश्यत्व (ज्ञानाचा विषय असणं) जग आणि त्याचं मिथ्यात्व या दोघांनाही सारखंच लागू आहे, म्हणून एकाच्या बाधानं दुसरं सत्य होत नाही. पुस्तकं अवघड आहेत, पण हा सामना वाचण्यासारखा आहे.

प्रतिसाद: मराठी पर्यायाचं. संतांचा ‘लटिके’ कानाला गोड, पण तोही खोट्याकडे आणि व्यर्थाकडे झुकतो. ‘आभासिक’ला हल्ली संगणकाच्या पडद्याचा वास येतो. ‘मायिक’ बराच जवळचा. माझं मत: भाषान्तरात मिथ्या तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘दिसतं पण ज्ञानानं बाधित होतं असं’ एवढं लिहावं. मात्र अमृतानुभवावर लिहिताना जपून. तिथे सातव्या प्रकरणात ज्ञानेश्वर अज्ञानाचंच खंडन करतात, त्यामुळे अविद्येवर उभा असलेला ‘मिथ्या’ त्यांच्या तोंडी घालणं योग्य नाही.

प्रश्न: जग मिथ्या, तर जगातला जीवही मिथ्या का? मग ‘ब्रह्मैव’ कसं?

प्रतिसाद: समानाधिकरण वाक्यं, म्हणजे ज्यांतली दोन पदं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात ती, दोन रीतींनी लागतात. अंधारात चोर वाटलेला खांब निघाला की ‘तो चोर म्हणजे हा खांब’ म्हणतो. चोर पुसला जातो, खांब उरतो. हे बाधसामानाधिकरण्य, ‘सर्वं खल्विदं ब्रह्म’ असं लागतं. ‘तो हा देवदत्त’मध्ये माणूस पुसला जात नाही, फक्त तेव्हाचा काळ आणि आताचा काळ एवढे भाग सोडायचे. ही भागत्यागलक्षणा, ‘तत्त्वमसि’ असं लागतं. जीवातले देह, मन, अल्पज्ञत्व हे उपाधीचे भाग सोडायचे, चैतन्य नाही. ‘जीवो ब्रह्मैव’ला पहिली रीत लावली तर मुक्त व्हायला कुणी उरतच नाही.