शब्दचर्चा: जपानी ‘कोन्बिनी’तले फसवे शब्द

मंडळी, ‘कन्व्हीनियन्स स्टोअर’ची शेपटी छाटून जपान्यांनी ‘कोन्बिनी’ केलं, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मला चर्चेला घ्यायचेत ते आतल्या फळ्यांवरचे शब्द.

‘सारादा’ चवीचे सेनबेई घ्या. तांदळाच्या खारट, कुरकुरीत चकत्या. पाकिटात काकडी-टोमॅटोचा मागमूस नाही. हा सारादा म्हणजे ‘सारादा-यु’, सॅलडवर कच्चंच घालता येईल इतकं शुद्ध केलेलं तेल. ‘निश्शिन’ या तेल कंपनीने ते १९२४ साली बाजारात आणलं. चकतीवर तेल लावून मीठ भुरभुरवतात, म्हणून सारादा. ‘खारे’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण ‘सॅलड’मध्ये तेव्हा नवेपणाचा तोरा होता.

‘शी-चिकिन’ (सी चिकन) मात्र शाकाहारी आणि मांसाहारी दोघांनाही चकवतो. कोंबडीचा संबंध नाही, तो डबाबंद ट्यूना मासा. हे नाव हागोरोमो फूड्सचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. त्यामुळे मेयोनीज घातलेली तीच ओनिगिरी (भाताची मूद) एका दुकानात ‘शी-चिकिन’ आणि दुसऱ्यात ‘त्सुना’ म्हणून मिळते.

‘मेरोनपान’ या गोड पावाला मेलन (खरबूज) म्हणतात ते मुख्यतः वरच्या जाळीदार नक्षीमुळे; मूळ प्रकारात फळ नसतंच. त्यातला ‘पान’ पोर्तुगीजांकडून आलेला, म्हणजे आपल्या पावाचा सख्खा भाऊ. ‘साइदा’ (सायडर) म्हणजे साधा गोड सोडा, त्यात दारूही नाही.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द ‘करुपिसु’, म्हणजे काल्पिस हे पेय. मिशिमा काइउन यांनी ते १९१९ साली विकायला काढलं. मंगोलियात त्यांनी आंबवलेलं दूध चाखलं होतं, त्यावरून कल्पना सुचली. नावातला ‘काल’ कॅल्शियमचा आणि ‘पिस’ चक्क संस्कृत ‘सर्पिस्’चा! अमरकोशात तुपाच्या नावांत घृत, आज्य यांच्या पंगतीला बसलेला तोच हा सर्पिः.

— म्हणजे त्यात तूप असतं का हो? आणि जपानी माणसाला ‘सर्पिस्’ सापडला कुठे?

— तूप अजिबात नाही. उलट, दुधातलं स्निग्ध काढूनच ते विरजतात, आणि काढलेल्या सायीचं वेगळं लोणी विकतात! चवीला पातळ, गोड ताकाच्या जवळपास. शब्द आला बौद्ध ग्रंथांतून. मिशिमा बौद्ध मठात जन्मलेले. त्या परंपरेत दुधापासून चढत्या क्रमाने पाच चवी सांगितल्यात: क्षीर, दधि, नवनीत, सर्पिस् आणि सर्वांत वर सर्पिर्मंड, म्हणजे तुपाचं सार. मिशिमांच्या मनात आधी या शेवटच्या पायरीवरून ‘काल्पिल’ होतं, पण उच्चाराला ‘काल्पिस’ सोपं पडलं.

— भर घालतो. त्या पाचव्या पायरीला जपानीत ‘दाइगो’ म्हणतात. त्यावरून आलेला ‘दाइगोमी’ रोजच्या बोलण्यात आहे: प्रवासाचा दाइगोमी, क्रिकेटचा दाइगोमी. मराठीत याला ‘खरी गंमत’ म्हणावं की ‘गोडी’? मी ‘गोडी’च्या बाजूचा. दुधातुपातलाच एखादा शब्द कुणाला सुचत असेल, तर जरूर लिहा.