मदत हवी आहे: आंबा विक्रीच्या साइटसाठी स्वतःचं चॅट विजेट (लिट + सॉकेट.आयओ)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी आणि देवगडकडच्या काही आंबा बागायतदारांच्या साइट मी बनवतो आणि सांभाळतो. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं तिथून थेट बागेतला हापूस मागवतात. हंगाम मार्च ते मे, आणि तेवढ्या दिवसांत विचारणा सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते. पेटी निघाली का? पिकायला किती दिवस ठेवायची? चार डझनी आणि सहा डझनी पेटीत फळाचा फरक किती? हे सगळं आज फोन, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल असं विखुरलेलं आहे. घरातली दोन-तीन माणसं आळीपाळीने उत्तरं देतात आणि एकाने काय सांगितलं ते दुसऱ्याला कळत नाही. म्हणून साइटवरच चॅटची खिडकी हवी आहे, आणि तिथलं बोलणं त्या-त्या ऑर्डरला जोडलेलं हवं आहे.

तयार सेवा पाहिल्या. बहुतेकांचं शुल्क महिन्याला आणि उत्तर देणाऱ्या माणसागणिक आहे, तीन महिन्यांच्या धंद्याला ते जड जातं. शिवाय मला खिडकीतलं प्रत्येक वाक्य नीट मराठीत हवं आहे. साठीच्या पुढच्या गिऱ्हाइकालाही न अडखळता लिहिता आलं पाहिजे, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं.

आत्ताची मांडणी अशी: विजेट लिट (जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून केलेला कस्टम एलिमेंट, म्हणजे स्वतः बनवलेला टॅग आहे, शॅडो डॉममध्ये, म्हणजे बाकीच्या पानापासून वेगळ्या ठेवलेल्या भागात. मेसेजची देवाणघेवाण सॉकेट.आयओ या लायब्ररीने, मागे सर्व्हरवर नोड आणि मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर. साइटवाल्याने एक स्क्रिप्ट टॅग टाकला की खिडकी दिसते. माझ्या चाचणीच्या पानावर सगळं व्यवस्थित चालतं. खऱ्या साइटवर मात्र अडचणी येतात.

एका साइटवर खिडकी एवढीशी होते, अक्षरं वाचता येत नाहीत. दुसऱ्या साइटवर तीच खिडकी ठीक दिसते. शॅडो डॉममुळे बाहेरचं सीएसएस आत येणार नाही अशी माझी समजूत होती.

मेसेज हरवतात. बागेत नेटवर्क येतं-जातं. बागायतदार फोनवरून उत्तर पाठवतात, त्यांच्या पडद्यावर ते दिसतं, गिऱ्हाइकाला पोचत नाही. उलटंही होतं: गिऱ्हाइकाचं कनेक्शन मिनिटभर तुटलं तर त्या मिनिटात आलेलं उत्तर कनेक्शन परत आल्यावरही दिसत नाही. पैसे भरलेल्या माणसाला उत्तर मिळालं नाही तर तो घाबरतो, आणि ते साहजिक आहे.

मराठीत लिहिताना मेसेज अर्धवट जातो. रोमन अक्षरांत लिहून मराठी शब्द निवडायची सोय वापरणारे लोक यादीतला शब्द घ्यायला एंटर दाबतात आणि तेवढ्यात 'पेटी कधी' एवढंच निघून जातं.

शिवाय काही गिऱ्हाइकं आठ-दहा दिवसांनी परत येतात तेव्हा जुनं बोलणं गायब असतं. ओळखीचं टोकन मी लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठ्यात) ठेवतो. अशी तक्रार आयफोनवाल्यांकडूनच जास्त येते.

शॅडो डॉम सोडून आयफ्रेमकडे (पानात बसवलेलं वेगळं पान) जावं का? आणि मेसेज हरवू नयेत यासाठी नेमकं काय करतात? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

व्हॉट्सअ‍ॅपचं बटण लावून काम भागणार नाही का? आणि स्वतःचंच हवं असेल तर चॅटवूट बघा. मुक्तस्रोत आहे, आपल्या सर्व्हरवर चालवता येतं, अनेकजण मिळून उत्तरं देऊ शकतात.

धागाकर्ता

व्हॉट्सअ‍ॅप आहेच, ते बंद करणार नाही. पण तिथे आलेला प्रश्न कुठल्या ऑर्डरचा हे दरवेळी विचारावं लागतं, आणि तो फोन ज्याच्या हातात त्यालाच उत्तर देता येतं. चॅटवूट चांगलं आहे, पण त्याला रेल्स, पोस्टग्रेस, रेडिस असं सगळं लागतं. माझा सर्व्हर लहान आहे आणि सांभाळणारा मी एकटा.

प्रतिसाद २

आधी आकाराचं सांगतो. त्या साइटच्या थीममध्ये एचटीएमएल टॅगचा फॉन्ट-साइझ ६२.५ टक्के आहे का पाहा. ही जुनी पद्धत आहे, अजून बऱ्याच थीममध्ये सापडते. तुमच्या विजेटमधली मापं रेम या एककात असणार. रेम मोजलं जातं ते पानाच्या मुळावरून, शॅडो डॉमच्या मुळावरून नाही. त्यामुळे तुमच्या पानावर १ रेम म्हणजे १६ पिक्सेल आणि तिथे १० पिक्सेल. सगळी मापं पिक्सेलमध्ये घ्या, किंवा विजेटच्या मुळाशी फॉन्ट-साइझ पिक्सेलमध्ये ठरवून पुढे ईएम (जवळच्या फॉन्ट-साइझवरून मोजलं जाणारं एकक) वापरा.

शॅडो डॉम बाहेरचे सिलेक्टर अडवतो, वारशाने येणारे गुण अडवत नाही. रंग, फॉन्ट, ओळींमधलं अंतर हे झिरपतंच. त्यासाठी 'ऑल: इनिशियल' (सगळे गुण मूळ स्थितीत) लावतात, पण ते होस्टवर, म्हणजे शॅडो डॉम ज्याला जोडलेला आहे त्या एलिमेंटवर लावू नका, कारण होस्टच्या बाबतीत बाहेरच्या पानाचा नियम जिंकतो. शॅडो डॉमच्या आत एक आवरण-डिव्ह घ्या, त्यावर लावा आणि लगेच 'डिस्प्ले: ब्लॉक' द्या. कस्टम प्रॉपर्टी (सीएसएसमधली आपण नाव दिलेली मूल्यं) यातूनही आत येतात, त्यामुळे प्रत्येक बागायतदाराचा रंग बाहेरून देता येईल.

आणखी दोन गोष्टी. विजेट थेट बॉडीला जोडा, कारण वरच्या एखाद्या डिव्हला ट्रान्सफॉर्म लावलेलं असेल तर 'फिक्स्ड' खिडकी पडद्याऐवजी त्या डिव्हला चिकटते. आणि मराठी फॉन्ट स्वतःचा देत असाल तर त्याची फॉन्ट-फेस घोषणा शॅडो डॉममध्ये लिहून चालत नाही, ती मुख्य पानात घालावी लागते.

लिहिण्याच्या चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका. आयफोन अशा चौकटीत बोट ठेवलं की अख्खं पान मोठं करतो आणि म्हातारी माणसं तिथेच गोंधळतात.

आयफ्रेमने वेगळेपणा पूर्ण मिळतो हे खरं. पण सफारी २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या कुकी सरसकट अडवते आणि आयफ्रेममधला साठा प्रत्येक साइटला वेगळा पडतो. तुमच्या गरजेला शॅडो डॉम पुरेसा आहे, बदलू नका.

प्रतिसाद ३

मेसेज हरवण्याबद्दल थोडं लांबून सांगतो, कारण मूळ समजलं नाही तर ठिगळं लावत बसावं लागतं.

सॉकेट.आयओची हमी मुळात 'जास्तीत जास्त एकदा' अशी आहे. मेसेज क्रमाने जातील, दोनदा जाणार नाहीत, पण एकदाही जाणार नाहीत असं होऊ शकतं. गिऱ्हाइकाचं कनेक्शन तुटलेलं असताना सर्व्हरने पाठवलेलं काही कुणी साठवून ठेवत नाही. उलट दिशेला, ब्राउझर तुटलेल्या अवस्थेत केलेले मेसेज राखून ठेवतो आणि कनेक्शन आल्यावर पाठवतो. पण 'तुटलं' हे त्याला कळायला वेळ लागतो. सर्व्हर दर २५ सेकंदांनी पिंग करतो आणि उत्तरासाठी २० सेकंद थांबतो. म्हणजे नेटवर्क नुसतं गप्प झालं तर ४५ सेकंदांपर्यंत दोन्ही बाजू कनेक्शन चालू आहे असं धरून चालतात. त्या काळात बागेतून पाठवलेलं उत्तर पडद्यावर दिसतं आणि कुठेच जात नाही.

यावर उपाय पोचपावतीचा. सॉकेट.आयओमध्ये एमिट करताना (मेसेज पाठवताना) शेवटी कॉलबॅक फंक्शन देता येतो, सर्व्हरने तो बोलावला की पोच मिळाली. सर्व्हरने तो बोलवायचा तो डेटाबेसात नोंद झाल्यावरच, आधी नाही. पोच येईपर्यंत मेसेज फिका दाखवा, शेजारी 'पाठवत आहे' लिहा, आणि आल्यावरच 'पोचला' करा. ठराविक वेळात पोच आली नाही तर तोच मेसेज पुन्हा पाठवा. यासाठी ४.६ आवृत्तीपासून अ‍ॅकटाइमआउट आणि रिट्राइज हे पर्याय आहेत.

पुन्हा पाठवलं की दुबार नोंदीचा धोका येतो. पहिल्या वेळी मेसेज पोचला असेल, फक्त पोच परत येताना हरवली असेल. म्हणून प्रत्येक मेसेजला ब्राउझरमध्येच एक अनन्य ओळखक्रमांक द्या आणि मायएसक्यूएलमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन घाला. तोच क्रमांक परत आला तर नोंद न करता फक्त पोच द्या.

राहिलं गिऱ्हाइकाचं चुकलेलं उत्तर. प्रत्येक संवादातल्या मेसेजला सर्व्हरने चढता क्रमांक द्यावा. विजेटने शेवटचा पाहिलेला क्रमांक लक्षात ठेवावा आणि कनेक्शन जोडताना ऑथमधून (जोडणीसोबत जाणाऱ्या ओळखीच्या माहितीतून) तो सांगावा. ऑथ फंक्शन म्हणून द्या, म्हणजे दर जोडणीला ताजा क्रमांक जाईल. सर्व्हर त्यापुढचे सगळे मेसेज डेटाबेसातून काढून देतो. ४.६ मध्ये 'कनेक्शन स्टेट रिकव्हरी' नावाची तयार सोयही आली आहे, पण ती मर्यादित काळापुरती असते आणि साठा मेमरीत असेल तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर जातो. पूरक म्हणून ठेवा, भिस्त डेटाबेसावरच असू द्या.

सॉकेटच्या आयडीवर कशाचीही ओळख बांधू नका. तो दर जोडणीला बदलतो. संवादाच्या नावाची रूम (सॉकेटचा गट) करा आणि जोडणी झाली की त्या रूममध्ये घाला.

टेबलाचा कॅरॅक्टर सेटही तपासून घ्या. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजीला चार लागतात. हात जोडल्याची इमोजी आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या मेसेजात असते आणि तिथे नोंद फसते. 'यूटीएफ८एमबी४' करा.

प्रतिसाद ४

एंटरचं: कीडाउनमध्ये (कळ दाबल्याच्या घटनेत) इझकंपोझिंग, म्हणजे शब्दनिवड चालू असल्याची खूण, खरं असेल तर पाठवू नका, त्या वेळी तो एंटर शब्द निवडण्यासाठी असतो. सफारीत हे पुरत नाही. तिथे शब्दनिवड संपल्याची घटना आधी येते आणि कीडाउन नंतर, त्यामुळे इझकंपोझिंग खोटं मिळतं. पण कीकोड २२९ असतो, तोही तपासा. इनस्क्रिप्टने (थेट देवनागरी कळफलकाने) लिहिणाऱ्याला हा त्रास होत नाही, म्हणून अनेकदा चाचणीत तो सापडतच नाही.

फोनवर माझं मत असं की एंटरने पाठवूच नये. मोठं, स्पष्ट 'पाठवा' बटण द्यावं आणि एंटरने नवी ओळ यावी. तुमचा वाचकवर्ग बघता हेच योग्य.

शब्दनिवड चालू असताना चौकटीतला मजकूर कोडमधून बदलू नका, अर्धा शब्द तुटतो. अक्षरमर्यादा घालत असाल तर स्लाइसने कापू नका. 'नमस्कार' वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो, जावास्क्रिप्ट त्याची लांबी ७ सांगते. मध्येच कापलं की लोंबता हलन्त उरतो नाहीतर मात्रा जाते. इंटल.सेगमेंटर (मजकूर दिसणाऱ्या अक्षरांत तोडणारी सोय) वापरा, आता सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे.

प्रतिसाद ५

जुनं बोलणं जातं त्याचं कारण सफारीचं धोरण. गिऱ्हाइकाने सफारी वापरताना सात दिवस तुमच्या साइटवर काहीच केलं नाही, तर स्क्रिप्टने ठेवलेला साठा ती पुसते, लोकलस्टोरेजसकट. तुमचा आठ-दहा दिवसांचा हिशेब तिथे जुळतो.

पण यावर ऑर्डर क्रमांक टाकून चॅट उघडायची सोय करणार असाल तर थांबा. ऑर्डर क्रमांक बहुधा ओळीने चढत जातात. कुणीही शेजारचा आकडा टाकून दुसऱ्याचा पत्ता, फोन, सगळं वाचू शकेल. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. ऑर्डरच्या ईमेलात किंवा एसएमएसमध्ये सर्व्हरने सही केलेलं टोकन असलेला दुवा पाठवा, आणि दुवा नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी घ्या. टोकनची तपासणी सर्व्हरवर, प्रत्येक जोडणीला.

बागायतदारांच्या बाजूच्या पॅनेलमध्येही गिऱ्हाइकाचा मजकूर एचटीएमएल म्हणून घालू नका. लिटचे साचे तो मुळातच साधा मजकूर म्हणून दाखवतात, दुवे रंगवण्यासाठी म्हणून अनसेफएचटीएमएल (मजकूर थेट एचटीएमएल म्हणून घालणारी सोय) वापरायचा मोह टाळा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ६२.५ टक्के होतंच. मापं पिक्सेलमध्ये घेतली आणि सगळीकडे खिडकी एकसारखी दिसायला लागली. एंटरचा प्रश्न दोन्ही तपासण्यांनी सुटला, फोनवर आता फक्त बटण आहे. पोचपावती आणि चढता क्रमांक हेही बसवलं. फोन विमान मोडवर टाकून, परत काढून पाहिलं, चुकलेले मेसेज क्रमाने येतात. सही केलेल्या दुव्याचं काम चालू आहे.

एक नवीन अडचण. हंगामाची तयारी म्हणून पीएम२ (नोडच्या प्रक्रिया सांभाळणारं साधन) मध्ये क्लस्टर करून नोडच्या दोन प्रक्रिया चालवल्या तर अधूनमधून ४०० येतो, 'सेशन आयडी अननोन'. एकच प्रक्रिया ठेवली की येत नाही.

प्रतिसाद ३ वाले

सॉकेट.आयओ आधी एचटीटीपी लाँग-पोलिंगने (एकामागून एक विनंत्या करून) जोडतो आणि मग वेबसॉकेटवर (सतत उघड्या जोडणीवर) चढतो. पोलिंगच्या लागोपाठच्या विनंत्या वेगवेगळ्या प्रक्रियांकडे गेल्या तर दुसरीला ते सेशन माहीत नसतं, म्हणून ४००. एकाच गिऱ्हाइकाच्या विनंत्या एकाच प्रक्रियेकडे जातील अशी चिकट वाटणी करा, किंवा क्लायंटला फक्त वेबसॉकेट वापरायला सांगा. दुसरं सोपं आहे, पण काही कचेऱ्यांच्या जाळ्यात वेबसॉकेट अडवलेलं असतं, तिथली गिऱ्हाइकं तुटतील. शिवाय दोन प्रक्रियांत मेसेज एकीकडून दुसरीकडे जायला अ‍ॅडॉप्टर लागेल, नाहीतर बागायतदार एका प्रक्रियेवर आणि गिऱ्हाईक दुसरीवर असलं की उत्तर तिथेच थांबेल.

खरं तर तुम्ही सांगता तेवढ्या गिऱ्हाइकांसाठी नोडची एक प्रक्रिया भरपूर आहे. यंदाचा हंगाम एकीवरच काढा. एन्जिनएक्समध्ये एचटीटीपी १.१ आणि अपग्रेडचे दोन्ही हेडर पुढे जातात ना एवढं बघा, नाहीतर सगळे नुसत्या पोलिंगवरच राहतील आणि फोनची बॅटरी जास्त जाईल.