कारुसो माइकशिवाय गायचा कसा? आणि माणूस कसा होता?

सूरवेडा_कोल्हापूर
नमस्कार मंडळी, मी नाट्यसंगीत शिकतोय. परवा यूट्यूबवर फिरता फिरता एन्रिको कारुसो नावाच्या इटालियन ऑपेरा गायकाची जुनी रेकॉर्डिंग लागली, पागलियाच्ची ऑपेरातलं 'वेस्ति ला जुब्बा'. खरखर एवढी की बास, पण त्यातनंसुद्धा आवाज असा येतोय की काटा आला अंगावर, भाषा एक अक्षर कळत नाही तरी. हे लोक म्हणे माइक न वापरता अख्ख्या ऑर्केस्ट्रापुढं गायचे. मी वरच्या पट्टीत गेलो की आवाज फुटतो आणि हॉलच्या निम्म्यात पण पोचत नाही. याच्या आयुष्याबद्दल कुणाला माहीत आहे का? आणि ही आवाजाची भानगड काय आहे?

तानपुरा_काका
भावा, पहिली गोष्ट ही की सुरुवातीला कारुसोचा पण आवाज वर फुटायचा. नेपल्समधल्या गरीब घरात 1873 ला जन्म, वडील कारखान्यात मेकॅनिक, तरुणपणी वरचे सूर त्याला लागायचेच नाहीत नीट. लोंबार्दी म्हणून गुरू मिळाले, त्यांनी त्या वरच्या सुरांवर मेहनत करून घेतली. म्हणजे मिलान, न्यूयॉर्क गाजवणारा गळा काय जन्मजात तयार नव्हता.

1901 च्या शेवटी हा आपल्याच गावात, नेपल्सच्या सान कार्लो थिएटरात 'लेलिझिर दामोरे' हा ऑपेरा गायला. बाहेर नाव झालं होतं पण गावकऱ्यांनी आणि पेपरवाल्यांनी म्हणावं तसं कौतुक केलं नाही. त्यानं ठरवलं की या गावात परत गाणार नाही आणि शेवटपर्यंत गायला नाही. मला हे वाचून फार लागलं होतं, आपल्या माणसांनी पाठ थोपटली नाही की ते कलाकाराच्या मनातनं जात नाही.

पुढच्याच एप्रिलमध्ये मिलानच्या एका हॉटेलात फ्रेड गायसबर्ग नावाच्या रेकॉर्डिंगवाल्यानं त्याची 10 गाणी घेतली, 100 पौंडात. कर्ण्यात तोंड घालून गायचं, चुकलं तर परत पहिल्यापासून. आणि हाच गायसबर्ग त्याच 1902 साली नोव्हेंबरात कलकत्त्याला येऊन आपल्या गायिका गौहरजानचं गाणं रेकॉर्ड करून गेला! मग 1903 ला न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा, 'रिगोलेत्तो' या ऑपेरानं सुरुवात, आणि तिथल्या कंपनीत 800 च्या वर प्रयोग.

शेवट फार वाईट झाला. डिसेंबर 1920, ब्रुकलिनमध्ये परत तेच 'लेलिझिर दामोरे' चालू होतं आणि गाता गाता घशातनं रक्त यायला लागलं. कोरसमधली माणसं एकामागनं एक टॉवेल देत होती आणि हा तोंड पुसून पुढची ओळ गात होता, पहिला अंक संपवला मग प्रयोग थांबवला. त्यानंतरही तो काही प्रयोग गायला, शेवटचा 24 डिसेंबरला. पुढं छातीत पू झाला, बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या, 2 ऑगस्ट 1921 ला नेपल्समध्येच गेला. वय 48.

घुमटाखाली
आवाजाचं मी सांगते. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 500 कंपनांच्या) आसपास जास्त असतो, वर कमी कमी होत जातो. ऑपेराचे पुरुष गायक घसा असा ठेवायला शिकतात की 3000 हर्ट्झच्या आसपास आवाजाला वेगळीच धार येते. तिथं वाद्यांचा जोर कमी आणि आपला कान तिथं जास्त तिखट, म्हणून आवाज वाद्यांवरनं पोचतो. म्हणजे ओरडून काय होत नाही, ओरडलास तर घसाच बसेल. पण त्यासाठी ते कंठ खाली ठेवतात, आपल्या गायकीत तसं करत नाहीत, त्यामुळं व्हिडिओ बघून नक्कल करू नको हं, आधी गुरुजींना विचार. फुटतो तिथं जोर लावायचा नाही, अर्धा सूर खाली उतरून आकार, म्हणजे नुसता 'आ', लाव.

सूरवेडा_कोल्हापूर
ताई, काका, लय भारी माहिती दिली. आपल्याकडं असं माइकशिवाय कोण गायचं?

खासबागकर
अरे कोल्हापुरात राहून हे विचारतोस? संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले! 9 ऑगस्ट 1890 ला इथंच जन्म, गरिबी, पोरवयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले, 'शारदा' नाटकातलं 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद त्यांनी गाजवलं. 1908 ला हुबळीत स्वतःची ललितकलादर्श नाटक मंडळी काढली, वय अवघं 17. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' नाटक, गंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव नायक धैर्यधर. आणि 4 ऑक्टोबरला गेले, 31 व्या वर्षी. कारुसो गेल्यावर दोनच महिन्यांनी बघ, मला तर दोघांची नावं आता वेगळी घेताच येत नाहीत.

शाहू महाराजांनी खासबागेला लागून 1915 ला बांधलेल्या पॅलेस थिएटरला 1957 ला केशवरावांचंच नाव दिलं. ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. त्या आगीचा राग माझ्या मनातनं अजून गेलेला नाही. तू आधी 'मूर्तिमंत भीती'ची चाल बसव, वरची जागा कुठं फुटते ते रेकॉर्ड करून इथं टाक, काका आणि ताई दोघं सांगतील.

सूरवेडा_कोल्हापूर
रविवारी टाकतो दादा. पट्टी काळी एक घेऊ की पांढरी एक?

घुमटाखाली
पांढरी एक. आणि तानपुरा जरा मोठा ठेव.