मदत हवी आहे: जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावरून ट्रान्सफेक्शनचा (पेशींत बाहेरचा डीएनए घालण्याचा) आकडा नक्की कसा काढता?

नमस्कार मंडळी,

हेक २९३टी या मानवी पेशींत लिपिड रिएजंटने प्लास्मिड (गोलाकार डीएनए) घालतोय. ट्रान्सफेक्शन किती जमलं ते कळावं म्हणून शेजारच्या वेलमध्ये सीएमव्ही प्रमोटरचा (जीन जोरात चालू ठेवणाऱ्या डीएनए तुकड्याचा) साधा ईजीएफपी (जीएफपीचा जास्त चमकणारा प्रकार) व्हेक्टर, म्हणजे वाहक प्लास्मिड, असतो. ४८ तासांनी मायक्रोस्कोपखाली सगळं हिरवंगार दिसतं, पण डोळा चमकदार पेशींवरच जातो, त्यामुळे त्या अंदाजावर माझा फारसा भरवसा नाही.

एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर वेगळीच पंचाईत. हिस्टोग्राममध्ये दोन स्वच्छ शिखरं येतच नाहीत. अंधुक पेशींचा लांब उतार असतो आणि गेट (चमकणाऱ्या पेशी वेगळ्या धरायची सीमा) जरा सरकवलं की टक्केवारी बदलते. गेट कशावर लावता? नुसत्या पेशींवर, की रिएजंट आणि रिकामं प्लास्मिड दिलेल्यांवर? रिएजंटने मेलेल्या पेशी स्वतःच चमकतात, म्हणून मला दुसरा पर्याय बरा वाटतो. मृत पेशी गाळायला सेव्हन-एएडी हा मृत पेशींत शिरणारा रंग वापरतोय, त्याचं कॉम्पेन्सेशन (दोन रंगांच्या प्रकाशाची सरमिसळ वजा करणं) केलेलं आहे.

खरा प्रश्न पुढे आहे. ईजीएफपीचा व्हेक्टर ४.७ केबीचा (केबी म्हणजे डीएनएच्या हजार बेसजोड्या), माझ्या जीनचा ११ केबीचा. छोट्या प्लास्मिडची टक्केवारी मोठ्याला लागू धरायची का? जीएफपी थेट जोडावं, तर २७ किलोडाल्टनचं शेपूट प्रथिनाचं काम बिघडवेल अशी भीती. पी२ए (दोन प्रथिनं वेगवेगळी बनवणारा छोटा दुवा) घालावं, की दोन्ही प्लास्मिड एकत्र द्यावीत? एकत्र दिली तर प्रमाण वजनावर ठरवता की मोलवर?

क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजायची पद्धत) नको, बाहेर चिकटलेला डीएनएही त्यात मोजला जातो. ज्यांनी मोठी प्लास्मिडं हाताळली आहेत त्यांनी जरूर सांगा.