चर्चा : वाढत्या वजनाचा दोष प्लास्टिकवर टाकावा काय?

मांजराकाठ, लातूर :
उन्हाळा लागला की आपल्याकडे घरोघरी वीस लिटरचे जार येतात, टपरीवरचा वाफाळता चहा कॅरीबॅगला गाठ मारून कचेरीत पोहोचतो. पोट सुटले की मात्र आपण केवळ भाकरी-भाताचा हिशोब मांडतो. चरबी वाढवणाऱ्या रसायनांना ब्रूस ब्लुमबर्ग आणि फेलिक्स ग्रून यांनी २००६ मध्ये ‘ओबेसोजेन’ म्हटले. २०२२ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी दह्याचे डबे, बाटल्या अशा नित्याच्या ३४ वस्तू तपासल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वस्तूंच्या अर्कामुळे प्रयोगशाळेतल्या पेशी चरबी साठवू लागल्या.

शिवार, परभणी :
तो अर्क पाण्यात नव्हे, तर मिथेनॉल या रासायनिक द्रावकात काढलेला होता आणि पेशी उंदराच्या होत्या, हे आपण सांगितले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मधील २०.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेले, हे खरे. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत दुचाकी थेट बांधापर्यंत गेली, मळणी यंत्रावर गेली आणि पामतेलाच्या पिशव्या व पाच रुपयांचे चटकदार पुडे वस्तीवरच्या दुकानात लटकले. आधी हे मोजावे. शिवाय कॅरीबॅग पॉलिथिनची. ओबेसोजेन म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते ते बिस्फेनॉल-ए हे काही कठीण प्लास्टिकमधले रसायन पॉलिथिनचा घटकच नव्हे.

बालाघाट, बीड :
मग युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-एची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली, का आणली?

शिवार, परभणी :
रोगप्रतिकारशक्तीवरील परिणामांमुळे, चरबीमुळे नव्हे. ज्यांच्या लघवीत हे रसायन अधिक सापडते त्यांचे वजनही जास्त असल्याचे दाखवले जाते, पण ते डबाबंद अन्नही अधिक खात असतील. मग वजन नेमके कशाने वाढले, हे कसे ठरवणार?

मांजराकाठ, लातूर :
माणसांत अवघड आहे, मान्य. पण ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग गाभण उंदरांना दिले, तेव्हा पिल्लांच्या अंगात चरबी वाढलेली आढळली. त्या पिल्लांनी कोणता पुडा फोडला होता? त्याच कुळातली संयुगे पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी वापरली जातात.

तांडा, किनवट :
ज्यांचा आड माघातच तळ गाठतो, त्यांना जार घ्यावाच लागतो. बुडाशी त्रिकोणात ७ आणि ‘पीसी’ असेल तर तो पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे बिस्फेनॉल-एपासून बनलेला. १ असेल तर ‘पेट’ (पीईटी) या दुसऱ्या प्लास्टिकचा, ज्यात ते वापरत नाहीत. उष्णतेने रसायन अधिक पाझरते आणि हे जार तर उघड्या टेम्पोत दिवसभर तापतात. वाद चालू द्या. पुरवठादाराकडे पेटचा जार आणि टेम्पोवर ताडपत्री मात्र आजच मागता येईल.